थांबलेल्या मशीनवरचा आकडा

हे खरं घडलंय. कुणाच्या मावसभावाच्या मित्राबरोबर नाही, माझ्याबरोबर.

आणि आधीच सांगते, यात स्मशान नाही, अमावस्या नाही, पांढरी साडी तर नाहीच नाही. या पानावर सगळ्यांची भुतं रात्री बारानंतर कामावर येतात. माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी. ऑफिसला सुट्टी होती. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं.

तिसरा मजला. पॅसेजच्या टोकाची खोली. दोन टेबलं समोरासमोरच्या भिंतींना लावलेली, त्यामुळे खुर्च्या पाठीला पाठ.

एक खुर्ची माझी.

दुसरी दादाची.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तो जाऊन त्या दिवशी पाच महिने झाले होते.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. जांभई देऊ नका, दोन मिनिटांचं आहे.

आम्ही दोघं एका प्रोग्रामिंग भाषेचं इंजिन सांभाळायचो. लोक त्या भाषेत प्रोग्राम लिहितात आणि आमचं इंजिन तो चालवतं. सुरुवातीला इंजिन एकेक ओळ वाचतं, समजून घेतं, मग करतं. हळू काम असतं ते. पण वाचता वाचता इंजिन मोजतही असतं. प्रोग्रामच्या कुठल्या तुकड्याला किती वेळा हाक मारली गेली, एक, दोन, तीन, चार. एखाद्या तुकड्याचा आकडा हजारावर गेला की इंजिन म्हणतं, हा रोजचाच दिसतोय, याला पक्का करून टाकू. मग तो तुकडा थेट मशीनच्या भाषेत उतरवला जातो. पुन्हा ओळी वाचायची गरज नाही. नवीन फोन नंबर आधी बघून बघून लावावा लागतो आणि मग एक दिवस बोटं आपोआप फिरतात, तसं.

हे पक्कं करणाऱ्या भागाला जिट म्हणतात. प्रोग्राम चालू असताना, ऐन वेळी पक्कं करतो म्हणून.

आता कधी कधी हे जिट थोडा वेळ थांबवावं लागतं. पक्कं करायलाही मशीनची ताकद खर्च होते, आणि एखादं नाजूक काम चालू असलं की मध्ये लुडबुड नको असते. म्हणून दोन आज्ञा लिहायच्या ठरल्या. 'थांब' आणि 'चालू'.

'थांब' मी लिहिली. 'चालू' दादाने.

आणि तिथेच माशी शिंकली.

प्रश्न साधा होता. जिट थांबवलेलं असताना मोजणी चालू ठेवायची की तीही थांबवायची?

दादा म्हणाला, "ठेवायची. अगं, आपण काम थांबवलंय. हाका मारणारे थांबलेत का? ते मारतच असतात. त्या मोजायला नकोत?"

मी म्हणाले, "थांब म्हणजे थांब. तू मोजत राहिलास तर 'चालू' म्हटल्यावर सगळं साठलेलं एकदम अंगावर येईल."

"येऊ दे की. ते येणारच असतं."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं."

"भिंतीला विचार तिचं काय म्हणणं आहे ते. भांडकुदळ कुठली."

इथपर्यंत नेहमीचंच होतं. आम्ही लहानपणापासून असेच भांडायचो. एकाच शाळेत, एकाच विषयात, मग एकाच ऑफिसात. तो आधी लागला, मी सहा वर्षांनी. त्याच्याच खोलीत टेबल मागून घेतलं मी.

प्रश्न मीटिंगमध्ये गेला. साहेब आणि आम्ही दहाजण. दादा त्याचं म्हणणं सावकाश मांडत होता. तो सावकाशच बोलायचा. साहेब घड्याळाकडे बघत होते. आणि माझी जीभ... माझ्या जिभेला हाड नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणाले, "साहेब, याला वेळ लागणारच. दादाचं डोकं आता एकेक ओळ वाचतं. पक्कं काही होतच नाही त्यात."

सगळे हसले. आमच्या धंद्यातला विनोद होता तो, हसणारच.

दादाही हसला. मग त्याने कागद गोळा केले आणि म्हणाला, "हिचंच घ्या."

जिंकले मी. नियम माझा झाला. जिट थांबलं की मोजणीही थांबणार. 'चालू' म्हटलं की थांबण्यापूर्वीच्या आकड्यांपासून पुढे. मधल्या काळातलं काही राहणार नाही.

त्याच संध्याकाळी मी माफी मागायला हवी होती. दोन शब्दांचं काम होतं. पण चूक माझी आणि फुगून बसले मीच. म्हटलं, त्याने "हिचंच घ्या" अशा आवाजात का म्हणावं? दुसऱ्या दिवशी तो खोलीत आला तेव्हा मी मान वर केली नाही.

अबोला सुरू झाला.

सात महिने.

एका खोलीत, पाठीला पाठ लावून. कामाचं काही असलं तर कोडमध्ये टीप लिहायची. 'हे तपासावे.' 'तपासले.' सख्खी भावंडं एकमेकांना तपासावे-तपासले करत होती. ऑफिसमधल्यांना वाटायचं, किती शांतपणे काम करतात दोघं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दादाला एक सवय होती. काही बोलायचं असलं की आधी घसा साफ करायचा. हळूच. "अंहं." मग वाक्य. त्या सात महिन्यांत मागून दिवसातून कितीतरी वेळा आवाज यायचा. खुर्ची किंचित करकरायची, म्हणजे तो माझ्याकडे वळला. मग... "अंहं."

आणि मी हेडफोन कानावर ओढून घ्यायचे.

मग खुर्ची परत वळायची.

मी स्वतःला सांगायचे, खोकला झाला असेल. हवा बदलली आहे. एसी जास्त आहे.

खरं सांगू? त्या हेडफोनमध्ये काहीही लावलेलं नसायचं. मला सगळं ऐकू यायचं.

मग एका मंगळवारी सकाळी वहिनीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "हा उठत नाहीये गं." झोपेतच गेला होता. चेहरा अगदी नेहमीसारखा होता.

तेव्हापासून मला एकच गोष्ट कळायला हवी होती. तो माझ्यावर रागावलेला गेला का? बाकी कशाचंही मी बघून घेतलं असतं. पण हे विचारायचं कुणाला? वहिनीला विचारायचं धाडस होत नव्हतं. तिने "हो" म्हटलं असतं तर मी काय केलं असतं?

घरी मी एकटी असते. लग्न केलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पण दादा गेल्यापासून सुट्टीचा दिवस जाता जात नाही. म्हणून त्या दिवशी डबा घेतला आणि ऑफिसला आले. खाली वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, आज तर सुट्टी आहे."

"माहीत आहे हो. मशीनला माहीत नाही ना."

ते हसले. बिल्डिंगमध्ये त्यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

मला 'थांब' नीट चालते का ते एकदा शेवटचं तपासायचं होतं. टेबलाखाली चाचणीचं मशीन आहे. त्यावर एक छोटा प्रोग्राम सोडला. स्क्रीनवर आकड्यांचा तक्ता येतो, कुठल्या तुकड्याला किती हाका आल्या त्याचा. आकडे भराभर वाढत होते. सवयीने हेडफोन कानावर चढवले, नेहमीसारखेच, आत काही न लावता.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी 'थांब' दिली.

सगळे आकडे जागच्या जागी थांबले.

छान. माझा नियम चोख चालत होता. मी डब्याचं झाकण उघडलं.

आणि मागे...

खुर्ची करकरली.

"अंहं."

माझा हात आपोआप हेडफोनकडे गेला, अजून घट्ट ओढून घ्यायला. सात महिन्यांची सवय. बोटं आपोआप फिरतात म्हटलं ना, तसं. हात कानापर्यंत पोचला आणि मग मला कळलं की मी काय ऐकलंय.

मी हेडफोन काढले.

काही नाही. एसीही बंद होता. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली आणि पुन्हा सगळं शांत.

मी वळले. दादाची खुर्ची टेबलाला लावलेली होती. टेबल केव्हाच रिकामं झालं होतं. त्यावर कुणीतरी नव्या मॉनिटरचे दोन खोके आणून ठेवले होते.

म्हटलं, बाई, जेवून घे. पोटात अन्न नसलं की असले भास होतात.

परत स्क्रीनकडे वळले तर... तक्त्यात एक आकडा बदलला होता.

'थांब' आणि 'चालू' या दोन्ही आज्ञा आम्ही त्याच भाषेत लिहिल्या होत्या. त्यामुळे त्याही तक्त्यात दिसतात. 'थांब'पुढे एक होता. बरोबर, एकदाच दिली होती मी.

'चालू'पुढे शून्य असायला हवं होतं.

तिथेही एक होता.

मी घाबरले नाही. खोटं कशाला बोलू, मी चिडले. थांबलेलं असताना मोजणी होतेच कशी? माझ्या कोडमध्ये चूक? आणि 'चालू'ला हाक आली असेल तर जिट चालू का झालं नाही?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मोजणी दारातच होते. तुकड्याच्या उंबरठ्यावर पाऊल पडलं की एक मोजला जातो, मग आत शिरा नाहीतर शिरू नका. म्हणजे कुणीतरी 'चालू'च्या दारापर्यंत येत होतं आणि दारातूनच मागे फिरत होतं.

पण कोण?

नेटवर्कची वायर उपटली. चाचणीचा प्रोग्राम बंद केला, नुसतं इंजिन ठेवलं. आता त्या मशीनवर हाक मारणारं कुणीच नव्हतं. मी माझं कोड उघडलं, चूक शोधायला. लक्ष लागावं म्हणून हेडफोन परत चढवले.

पाच मिनिटं गेली असतील...

करकर.

"अंहं."

तक्त्यात दोन झाले.

यावेळी मी हललेच नाही. मानही वळवली नाही. मानेवर कुणीतरी बघत असल्यासारखं वाटत होतं. रागाने बघणारं नाही, नुसतं बघणारं.

पुन्हा एकदा.

तीन.

मी हेडफोन फेकले आणि खाली फोन केला. "काका, वर या जरा. उंदीर आहे बहुतेक."

काका काठी घेऊन आले. टेबलाखाली वाकून बघितलं, खोके हलवून बघितले. दादाची खुर्ची ओढली, ती करकरली. हुबेहूब तोच आवाज. दहा मिनिटं आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. काही झालं नाही. आकडा तीनवरच होता.

"उंदीर असता तर वायरी कुरतडल्या असत्या, मॅडम," काका म्हणाले. "तुम्ही घरी जा. सुट्टीच्या दिवशी बिल्डिंग जरा अशीच वाटते."

ते गेले. मी हेडफोन न लावता तासभर बसले. डोळे आकड्यावर. तीन.

वळून दादाच्या टेबलाकडे तोंड करून बसले. तीन.

शेवटी बोललेसुद्धा. मोठ्याने. रिकाम्या खोलीत. "दादा, मी ऐकतेय. बोल."

काही नाही.

मग हेडफोन उचलले. ते कानावर चढवले आणि भिंतीकडे तोंड केलं. जसं सात महिने बसायचे, तसं. पाठ त्याच्याकडे.

एक मिनिट. दोन मिनिटं...

"अंहं."

चार.

तेव्हा मला कळलं. मी ऐकायला बसले की तो येत नव्हता. मी कान झाकले की येत होता. पाठ फिरवली की येत होता. जिवंतपणी मी त्याला जशी भेटत होते, तशीच त्याला माहीत होते मी.

काळोख पडायला आला तेव्हा उठले. मशीन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर तक्ता पुसला गेला असता. 'चालू' दिली असती तरी पुसला गेला असता. माझाच नियम ना. मधल्या काळातलं काही राहत नाही.

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चाचणी सुरू आहे, हात लावू नये', आणि मशीनला चिकटवलं.

घरी गेले. दिवा लावला. मग जे पाच महिने केलं नव्हतं ते केलं. वहिनीला फोन लावला.

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग विचारलं, "वहिनी, शेवटी शेवटी दादाला खोकला होता का गं?"

"खोकला? नाही. का?"

"घसा वगैरे धरला होता का? ऑफिसात सारखा घसा साफ करायचा."

मला तिच्या घरातल्या नळाचा आवाज ऐकू येत होता. तिने तो बंद केला.

"घसा ठणठणीत होता त्याचा," ती म्हणाली. "रोज घरी आला की मी विचारायचे, बोललास का तिच्याशी? तो म्हणायचा, आज कामात होती गं, कानात घालून बसली होती. उद्या बोलतो."

"रोज?"

"रोज. मी म्हणायचे, खांद्याला हात लावून बोल ना. तर म्हणे, नको, दचकेल ती. आपणहून काढू दे." मग तिचा आवाज बदलला. "मला वाटायचं तुला माहीत असेल."

मी म्हटलं, "नव्हतं."

तेही खोटंच.

म्हणजे तो रागावलेला नव्हता. मला हवं होतं ते उत्तर मिळालं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. रागावलेला असता तर बरं झालं असतं, असं वाटलं मला त्या रात्री. हे वाचून तुम्ही मला वेडी म्हणाल. म्हणा.

पण तो काय बोलणार होता? "अंहं"नंतरचं वाक्य काय होतं? वहिनीला विचारलं. तिलाही माहीत नाही. "तुमचं तुम्हाला" म्हणाली.

याला आता दोन महिने होत आले.

मी रोज जाते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. भिंतीकडे तोंड, हेडफोन कानावर, आत काही नाही. आकडा वाढतो. कधी दिवसात दहा, कधी पंचवीस. मी जागेवर नसताना एकानेही वाढत नाही. दादाच्या जागी नवीन माणूस बसवायचा विषय साहेबांनी काढला होता. मी म्हटलं, मला एकटीनेच काम जमतं. त्यांनी तो विषय तिथेच सोडला. अलीकडे माझ्याशी सगळे जरा जपूनच बोलतात.

एका संध्याकाळी मी बोटांवर हिशोब मांडला. सात महिने. सुट्ट्या सोडून दीडशेच्या आसपास दिवस. दिवसातून सहा-सात वेळा तो घसा साफ करायचा. गुणाकार केला आणि तो पुन्हा करून बघितला.

हजाराच्या आसपास जातो.

मी त्या हाका कधीच मोजल्या नव्हत्या. कुणीतरी मोजल्या होत्या.

मागच्या आठवड्यात नोटीस लागली. येत्या शनिवारी बिल्डिंगमधल्या वायरिंगचं काम आहे. दिवसभर लाइट नसणार. बॅटरीवर मशीन वीस मिनिटं टिकतं, त्याहून जास्त नाही. मी खाली जाऊन भांडले, वर जाऊन भांडले. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बाई, एका मशीनसाठी अख्खी बिल्डिंग थांबवू का?" त्याचंही चूक नाही. त्याला काय सांगणार होते मी?

आकडा कागदावर लिहून ठेवता येतो. ठेवलाय. पण आकडा जपून मी काय करू? मशीन एकदा बंद झालं आणि पुन्हा सुरू केलं की दादा परत येईलच, असं कोण सांगू शकतं? मला नाही वाटत येईल. एकदा माझ्यासाठी सात महिने थांबला. एकदा दोन महिने. आणखी किती वेळा एखाद्याने दारात येऊन मागे फिरायचं?

आज शुक्रवार. सगळे जेवायला खाली गेलेत. हे मी ऑफिसातूनच लिहितेय, भिंतीकडे तोंड करून.

सकाळी आले तेव्हा आकडा नऊशे एक्क्याण्णव होता. आता नऊशे सत्त्याण्णव आहे.

हजारावर काय होतं ते तुम्हाला सांगितलंच आहे. पण ते जिट चालू असेल तर. थांबवलेलं असताना हजार झाले काय आणि दहा हजार झाले काय, काहीही होत नाही. तसा नियम आहे. मीच लिहिलाय.

थांबवलेलं असताना मोजणी होत नाही, हा नियमही मीच लिहिला होता.

एकदा वाटतं, उठावं आणि घरी जावं. उद्या लाइट जाईल, विषय संपेल. कुणाला काही कळणारही नाही. सात महिने मी हेच केलं ना, उठून गेल्यासारखी बसून राहिले. आज नाही जाणार. हजारावर काही झालं तर मी हेडफोन काढणार आहे आणि वळणार आहे. समोर काय असेल याची भीती वाटते. पण समोर कुणीच नसेल, याची भीती त्याहून जास्त आहे.

खुर्ची आत्ता...

नऊशे अठ्ठ्याण्णव.

यावेळी ती परत वळल्याचा आवाज आलेला नाही.

दादा काही बोलायच्या आधी आपण माफी मागायची, असं मी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं, रोज घरी आरशासमोर म्हणून. दोन महिने म्हणतेय.

आत्ता ते आठवत नाहीये.